सावरतांड्याचे पाव्हणे

त्र्याहत्तर सालच्या पाडव्याला भर दुपारी खेमा दुष्काळी खडीच्या कामावरून परत आला, तेव्हा त्याचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं काळपट झालं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या. धनीबाई दारात मिलो निवडत बसली होती. सरकारी दुकानातली ती लाल ज्वारी, निम्मी खड्यांनीच भरलेली. तिनं सूप खाली ठेवलं.

"काय झालं?"

"काई नाई. हातोडा बसला."

"कोनाचा?"

"माहाच."

तो भिंतीला टेकून खाली बसला. धनीबाईनं फडकं सोडायला घेतलं, तर ते जखमेला चिकटलेलं. माठात दीड लोटा पाणी होतं. त्यातलं अर्धी वाटी तिनं घेतलं, थेंब थेंब सोडत फडकं भिजवलं आणि हळूहळू ओढून काढलं. दोन बोटं चेचली होती. मधल्या बोटाचं नख लोंबत होतं. खेमानं तोंड फिरवलं आणि दात आवळले. ओरडला मात्र नाही.

"कारकून म्हने, हात बरा होईस्तोवर येऊ नोको. मस्टरवरचं नाव कमी केलं."

आतून खाटेवरून त्याची आई, रंगूबाई, विचारू लागली, "कोन आलं वं? खेमा काय?"

"हो याडी. खेमाच हायेत," धनीबाई म्हणाली. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. हाताचं तिनं सांगितलं नाही. म्हातारीचे गुडघे दोन वर्षांपासून धरले होते. दारापर्यंत यायचं तर भिंत धरून यावं लागे. पण कान तिखट होते. बोटांवर हळद दाबताना खेमाचा श्वास अडकला तो तिनं बरोबर ऐकला आणि आतूनच रडायला लागली.

सावरतांडा बावीस घरांचा, गोर म्हणजे बंजारा लोकांचा. पोहऱ्यापासून कोसभर, टेकाडाच्या उतारावर. कुडाच्या भिंती, वर गवताची छपरं, मधोमध सावरीचं जुनं झाड. सावरीची बोंडं फुटायचे ते दिवस होते. वारा सुटला की कापूस उडायचा आणि माणसांच्या घामेजल्या अंगाला चिकटायचा.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर झाडाखाली नसाब बसला. तांड्याची बैठक, सगळ्या घरांची. तांड्याचा नाईक अमरसिंग, साठीच्या पुढचा, डोक्याला लाल पागोटं. तो कमी बोलायचा.

"मुकादम दशमीले ट्रक घेऊन येते," तो म्हणाला. "धरनाच्या कामाले. पैनगंगेच्या पार तिकडं. बारा घरांनी नावं देली. आनखी कोनाचं असन त सांगा."

"बुढ्या मानसांचं काय?" कोणीतरी विचारलं.

"ट्रकात बुढे घेत नाई."

खेमा दुखरा हात मांडीवर घेऊन बसला होता. त्याचं नाव त्या बारात नव्हतं. चेचलेल्या बोटांचा माणूस मुकादमानं घेतलाच नसता. बायका मागच्या बाजूला ओढण्या पुढं ओढून बसल्या होत्या. नसाबात बाया बोलत नसत. धनीबाई उठून उभी राहिली तेव्हा पुढच्या गड्यांनी वळून पाहिलं.

"नाईक, मी एक बोलू काय?"

"बोल."

"रामनवमी आली. लोक येतीन पोहऱ्याले देवीच्या जत्रेले. आंध्रातून येतेत, कर्नाटकातून येतेत, आठ-आठ दिस गाडीत बसून. आन् इथी येऊन काय, त उघड्या वावरात पडतेत. गेल्या साली बाभयीखाली एक बाई बायंत झाली. मी ओढनी धरून तिले सावली केली. माहे हात भरून आले, पन खाली कराची हिंमत नाई झाली." तिनं झाडाभोवतीच्या घरांकडं हात केला. "आपली बावीस घरं हायेत. घरात गारवा हाये. त्याहीले इथी उतरवू. रांधून घालू. दाने ते संगं आनतेतच. त्याच्यात आपलंबी पोट चालन."

एक जण हसला. "म्हंजे पाव्हन्याच्या पिठावर जगाचं?"

"रांधन कोन? पानी कोन आनन? झोपाले जागा कोन देईन? हे काम नोहे काय? धरनावर माती वाह्यली तेच काम?"

रंगूबाईला खाटेसकट उचलून झाडाखाली आणलं होतं. कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या खाटेच्या माच्यावर आपटत ती म्हणाली, "माह्या सासऱ्याच्या दारातून कोनी उपाशी गेलं नाई. आन् आता माही सून पाव्हन्याले भाव सांगाले निंगाली. गोरांच्या घरात असं झालं नाई कधी."

"भाव कोन सांगते याडी? मागाचंच नाई. देलं त नाईकाच्या घरी ठेवाचं, आन् बावीस घरांत वाटाचं. ज्याच्या घरी पाव्हना उतरला त्यालेबी, नाई उतरला त्यालेबी."

अमरसिंग नाईक बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. शेवटी त्यानं मान वर केली.

"सारं खरं. पन पानी?"

हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता. तांड्याच्या विहिरीत पहाटे गुडघाभर गढूळ पाणी साचायचं. घराला दोन गुंड, म्हणजे दोन घागरी, यायचे, त्यातच माणसं आणि ढोरं.

"पुंजाजीच्या इहिरीले पानी हाये," धनीबाई म्हणाली.

सावरीवरून कापसाचा पुंजका तरंगत खाली आला. खालच्या गावाच्या बौद्धपुऱ्यातल्या पुंजाजीची विहीर सगळ्यांना माहीत होती. आणि तांड्यातलं कोणी त्या विहिरीवर कधी गेलं नव्हतं, हेही सगळ्यांना माहीत होतं.

"तू बोलली," नाईक म्हणाला, "त तूच जाय."

*

दुसऱ्या दिवशी धनीबाई एकटीच उतरली. पायवाट तापली होती. पळसाची फुलं गळून वाटेवर वाळली होती.

छप्पन साली पुंजाजीच्या घरानं धर्म बदलला, तेव्हा गावानं त्यांना जुन्या विहिरीकडं फिरकू दिलं नव्हतं. पुंजाजी, त्याचे दोन भाऊ आणि तिघांच्या बायका, असे सहा जण तीन उन्हाळे काळ्या दगडात खणत राहिले. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं. ते आजतागायत आटलं नव्हतं.

धनीबाईच्या पायात काटे नव्हते, तरी ती हळू चालत होती. दोन वर्षांपूर्वी शालिग्राम पाटलाच्या कपाशीत ती आणि पुंजाजीची बायको भागिरथा एकाच रांगेत निंदायला होत्या. दुपारी भागिरथानं आपल्या लोट्यातलं पाणी पुढं केलं होतं. "तहान नाई," असं म्हणून धनीबाई उठली होती आणि कोरड्या ओठांनी नाल्यापर्यंत चालत जाऊन तिथलं पाणी प्याली होती. लोटा खाली ठेवून भागिरथानं विळा हातात घेतला होता, एवढंच.

विहिरीवर मोट चालू होती. पुंजाजी बैल हाकत होता. पलीकडं वांग्याचं अर्धा एकर हिरवं वावर, चारी बाजूंच्या भुऱ्या जमिनीत नजरेला टोचावं इतकं हिरवं. भागिरथा दांडातलं पाणी वळवत होती. धनीबाईला पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय वं धनीबाई, एवढ्या उन्हात?"

"आली होती."

भागिरथानं मोटेच्या थारोळ्यातून लोटा भरला आणि पुढं केला. धनीबाईनं तो घेतला. ओंजळीत ओतून नाही, तोंड लावून ती सगळा लोटा प्याली. थंड पाणी होतं. छातीतून खाली जाताना कळत होतं.

"आज तहान होती म्हन," भागिरथा म्हणाली.

धनीबाईनं मान खाली घातली. "तवाबी होती."

भागिरथानं रिकामा लोटा घेतला, पुन्हा भरला आणि पुन्हा तिच्या हातात दिला. "आनखी घे. बस सावलीत. मंग सांग."

धनीबाईनं सांगितलं. मुकादमाचं, ट्रकाचं, खेमाच्या बोटांचं, नवमीच्या पाव्हण्यांचं. पुंजाजी मोट थांबवून येऊन उभा राहिला होता. उंच, वाळका माणूस, खांद्यावर चाबूक.

"किती दिस?" त्यानं विचारलं.

"दशमीपर्यंत. आठ दिस."

तो वांग्याच्या वावराकडं पाहू लागला. ती वांगी तो पोहऱ्याच्या जत्रेतच विकणार होता.

"दोन्ही पुरनार नाई," तो बायकोला म्हणाला.

"वांगे मरतीन त मरतीन," भागिरथा म्हणाली. "मानसं पानी मांगाले आली."

पुंजाजी धनीबाईकडं वळला. "न्या पानी. बंडी घेऊन या, ड्रम भरून न्या. मले काई देयाचं नाई. पन एक गोष्ट हाये बाई. तुमच्या पाव्हन्यानं इचारलं, पानी कोनाचं, त खोटं सांगाचं नाई. नाल्याचं हाये, पाटलाच्या इहिरीचं हाये, असं म्हनाचं नाई. पुंजाजीच्या इहिरीचं हाये, म्हनाचं. आमी तीन उन्हाये ही इहीर खंदली. लपून पाज्यासाठी नाई खंदली."

"आन् ते उठून गेले तं?" धनीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"त जाऊ द्या."

धनीबाईनं होकार दिला. पण टेकाड चढताना ते उत्तर ती मनातल्या मनात म्हणून पाहत होती.

*

तांडा कामाला लागला. बायांनी घरं सारवली, अंगणं झाडली. गड्यांनी पळसाच्या फांद्या आणून घरांसमोर मांडव घातले. खेमाच्या बैलबंडीवर दोन ड्रम बांधले. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, म्हणून चढावर गडी मागून बंडी ढकलत. खेमा कासरा डाव्या हातात धरायचा, उजवा छातीशी घ्यायचा. दिवसातून चार खेपा. विहिरीवर पुंजाजी मोट हाकायचा, आणि थारोळ्यातलं पाणी दांडात न सोडता भागिरथा आणि धनीबाई ड्रममध्ये भरायच्या. तिसऱ्या दिवशी वांग्याची पानं माना टाकू लागली. धनीबाईला तिकडं पाहवत नव्हतं. भागिरथा तिकडं पाठ करून पाणी भरायची.

चतुर्थीपासून पोहऱ्याच्या रस्त्यानं गाड्या लागल्या. खेमा आणि नाईक रस्त्याच्या कडेला उभे राहिले. खेमाला हे फार जड गेलं. त्याच्या आज्याच्या शंभर बैलांच्या गोष्टी तांड्यात सांगत, आणि तो धुळीत उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होता.

"राम राम भिया. तांड्यात उतरा. सावली हाये, पानी हाये."

"काय घेता?" पहिल्या गाडीतल्या माणसानं विचारलं.

"काई नाई घेत."

"काई घेत नाई त बलावता काहून?" गाडीतले सगळे हसले. गाडी पुढं निघून गेली. चाकांची धूळ खेमाच्या तोंडावर बसली. पहिल्या दिवशी अकरा गाड्या गेल्या, एकही थांबली नाही. तो घरी येऊन बसला. धनीबाईनं त्याला भाकर दिली. त्यानं अर्धी खाऊन ठेवून दिली.

"उद्या मी नाई जात."

"मी जातो," धनीबाई म्हणाली. आणि सकाळी ती खरंच गेली, डोक्यावर गार पाण्याचा गुंड घेऊन. बोलावलं कुणालाच नाही. गाडी आली की लोटा भरून पुढं करायची. पाणी पिऊन झालं की लोक आपणच विचारत, बाई, कुठली तू, तांडा कुठं आहे. दुपारपर्यंत चार गाड्या टेकाडाकडं वळल्या. संध्याकाळी आंध्रातल्या हेमला नाईकाच्या नऊ गाड्या एकदम आल्या. हेमला सत्तरीचा, पांढऱ्या मिशांचा, आवाज अजून खणखणीत. सुनेला दिवस गेले होते, म्हणून तो सावली शोधतच होता.

सप्तमीला तांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चुली पेटल्या होत्या. पाव्हण्यांनी आणलेली पांढरी ज्वारी जात्यावर दळली जात होती. महिनोन्‌महिने लाल मिलो खाल्लेल्या पोरांनी पांढऱ्या भाकरी पाहिल्या आणि ती चुलीपासून हलेनात. मुलूख वेगळा, पण सगळ्यांची गोरबोली एकच, फेटिया म्हणजे घागऱ्यांवरचे आरसेही तेच. आंध्रातल्या बाया रंगूबाईच्या खाटेभोवती बसून तिचा टाका पाहत. म्हातारीनं कित्येक वर्षांत सुई धरली नव्हती. आता पोरींना शिकवायला म्हणून तिनं ती पुन्हा हातात घेतली, आणि कोणाचा टाका वाकडा आला की चारचौघांत बोलायची. पाव्हण्यांबद्दल तिची काही तक्रार उरली नव्हती. पाणी शेवटी पुंजाजीकडूनच येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती विचारत नव्हती.

*

अष्टमीला सकाळी हेमला नाईक अंगणात तोंड धुवून बसला होता. धनीबाईनं त्याला लोटा दिला. तो प्याला, मिशा पुसल्या.

"पानी गोड हाये पोरी. एवढ्या दुष्कायात कुठून आनता?"

मागं खेमा बैल सोडत होता. त्याचा हात थांबला. दारात रंगूबाई भिंत धरून उभी होती. नाल्याचं म्हणावं, असं धनीबाईच्या मनात येऊन गेलं. घरात पाच पाव्हण्या झोपल्या होत्या. नाईकाच्या ओसरीत धान्याची पोती होती. एक शब्द बोलला की सगळं टिकणार होतं.

"खालच्या गावात बौद्धपुरा हाये," ती म्हणाली. "तिथल्या पुंजाजीच्या इहिरीचं हाये. त्याहीनं आपलं वांग्याचं वावर सुकू देलं, आन् आपल्याले पानी देलं."

हेमलानं लोटा खाली ठेवला. शेजारच्या मांडवातून ऐकणारा एक जण उठून आला. "काय म्हनलं? कोनाच्या इहिरीचं?"

धनीबाईनं पुन्हा सांगितलं, पहिल्यासारखंच.

मग गलका झाला. नवमीच्या तोंडावर, देवीच्या दारात आम्हाला फसवलं, असं कोणी ओरडलं. कोणी गाडी जुंपायला घेतली. एका बाईनं भरलेला गुंड अंगणात पालथा केला. पाणी मातीत जिरताना खेमा पाहत राहिला. तो गुंड त्यानं एका हातानं चढ चढवला होता. रंगूबाई दारातच खाली बसली. "इज्जत गेली," एवढंच ती म्हणत होती.

अर्ध्या तासात हेमलाच्या नऊ गाड्यांपैकी तीन निघून गेल्या. आणखी दोन गाड्या जुंपून उभ्या होत्या.

हेमला उठला. "इहीर कुठी हाये?" त्यानं विचारलं.

धनीबाई पुढं, तो मागं, असे दोघं टेकाड उतरले. मागून आठ-दहा माणसंही आली. पुंजाजी मोट हाकत होता. एवढी माणसं येताना पाहून त्यानं बैल थांबवले आणि चाबूक खाली ठेवला. भागिरथा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

हेमला विहिरीच्या काठावर गेला आणि वाकून आत पाहू लागला. सरळ कापलेला काळा कातळ, त्यावर पहारींच्या खुणा.

"किती परस खोल?"

"आठ," पुंजाजी म्हणाला.

"सुरुंग लावले काय?"

"सुरुंग कोन देते आमाले? पहारीनं खंदली."

हेमलानं काठावरून हात फिरवला. मग वांग्याच्या वावरात गेला, एक झाड मुळाशी धरून हलवलं. पानं कुरकुरली.

"मी जवानीत रेल्वेच्या कामावर होतो," तो मागच्या माणसांकडं वळून म्हणाला. "कातय फोडाचं काम होतं. कातय काय असते, मले मालूम हाये. एका गावात आमाले पानी भरू देलं नाई. तांडेवाले चोर असतेत, म्हनलं. माही बहीन पोटुशी होती. चार कोस चालत गेली पान्याले." मग तो पुंजाजीला म्हणाला, "बाप्पा, तुमी मोट चालवा. थांबवू नोका."

पुंजाजीनं बैल वळवले. मोट वर आली, थारोळं भरलं. हेमलानं दोन्ही हातांनी पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि प्याला. मग त्यानं रिकामा ड्रम पुढं ओढला आणि सत्तर वर्षांचा तो म्हातारा बादलीनं भरू लागला. त्याचा मुलगा पुढं झाला. मग दुसरा एक जण.

गेलेल्या तीन गाड्या परत आल्या नाहीत. जुंपलेल्या दोन गाड्यांचे बैल मात्र सोडले गेले.

नवमीला पोहऱ्यात भोग लागले, तुपाच्या धुरानं आभाळ भरलं. पाव्हणे सकाळी जात, दुपारच्या भाकरीला तांड्यात परत येत. संध्याकाळी हेमलाच्या सुनेनं भागिरथाला बोलावून घेतलं आणि आपल्या हातानं लापशी वाढली. भागिरथा मांडवात बसून जेवली. रंगूबाई आतून पाहत होती. बाहेर आली नाही, पण नकोही म्हणाली नाही.

दशमीला मुकादमाचा ट्रक टेकाडाखाली येऊन भोंगा वाजवू लागला. बारा घरांनी नावं दिली होती. गेली दोनच. त्यातल्या एका घरच्या बाईनं धनीबाईच्या गळ्यात पडून सांगितलं, पुढच्या नवमीले येतो, माहं घर सारवून ठेवजो. बाकीची दहा घरं झाडाखाली उभी राहून ट्रक जाताना पाहत होती. नाईकाच्या ओसरीत पाव्हण्यांनी ठेवलेली ज्वारी होती. ती बावीसही घरांत वाटली, गेलेल्या दोन घरांतल्या म्हाताऱ्यांनाही. आखाडापर्यंत पुरेल एवढी होती. आणि एक पोतं पुंजाजीच्या दारात गेलं. त्यानं ते घ्यायला नकार दिला, तेव्हा खेमा ते तिथंच ठेवून पळून आला.

निघताना हेमला धनीबाईला म्हणाला, "पोरी, पुढल्या साली येतो. मी नाई आलो त माहा पोरगा येईन. त्याले मी वाट दाखवून ठेवली."

धनीबाई त्याच्या पाया पडली. गाड्या दिसेनाशा झाल्या तरी ती उन्हात उभी होती.

*

महिनाभरानं, वैशाखात, भागिरथा तांड्यात आली. आता ती येत-जात असे. पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता.

"पुर्निमेले आमच्यात बुद्धाची मूर्ती बसवतेत," ती सांगू लागली. "धनजचे लोक येतीन, इंझोरीचे येतीन. लय लोक निंगाले. पुऱ्यात आठ घरं. कुठी उतरवाचं, समजत नाई. गावातून कोनी जागा देत नाई."

धनीबाईनं ते नाईकाच्या कानावर घातलं. अमरसिंग नाईकानं नसाब बोलावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पागोटं बांधून, खेमाला बरोबर घेऊन टेकाड उतरला. साठ वर्षांत तो प्रथमच बौद्धपुऱ्याच्या गल्लीत आला होता. पुंजाजीच्या दारासमोर त्यानं चप्पल काढली.

"पुंजाजीभाऊ, तुमचे पाव्हने आमच्याकडे उतरवा."

पुंजाजी गोंधळला. खाट टाकली, पाणी दिलं. दोघं ते प्याले. मग पुंजाजी सावकाश म्हणाला, "नाईक, तुमी म्हनता त्यात सारं आलं. पन तांड्याले इचारलं काय? उद्या कोनी काई बोललं, त माह्या पाव्हन्याचा अपमान होईन. मले तो सहन होनार नाई."

"इचारलं. नसाब बसवला. साऱ्याहीनं हो म्हनलं. एकीनंच आडवं लावलं."

"कोन?"

"रंगूबाई."

पुंजाजीचा चेहरा कठोर झाला. "त मंग ऱ्हाऊ द्या."

"आयकून त घ्या," खेमा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. "याडी म्हनते, कोनाच्या घरी कोन उतरन हे नाईकानं ठरवाचं नाई. भागिरथाबाईची माय येऊन राह्यली इंझोरीहून, ते आपल्याच घरी पाह्यजे. दुसऱ्या कोनाकडं देली त मी जेवत नाई, म्हने."

भागिरथा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

भागिरथाची आई पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली. पांढरं लुगडं, पाठीत वाकलेली, तोंडात दात नव्हते. ती दारातच थांबली. आत यावं की नाही, तिला समजत नव्हतं. सगळा जन्म तिनं दुसऱ्यांच्या दारांबाहेर उभं राहण्यात घालवला होता.

रंगूबाई खाटेवरून उतरली. भिंत धरत दारापर्यंत आली आणि तिचा हात धरला. "काहून उभी हायेस? तुह्या लेकीचं पानी पिऊन मी जित्ती राह्यलो." मग तिनं तिला आपल्या खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली घोंगडीवर बसली. धनीबाई पीठ मळत होती. दोघी म्हाताऱ्या दिवसभर बोलत होत्या. किती लेकरं झाली, किती गेली, कोणत्या साली पटकी आली होती. एकीला कमी ऐकू यायचं, म्हणून दुसरी ओरडून बोलायची, आणि अख्ख्या तांड्याला सगळं कळत होतं.

सकाळी पुऱ्याकडं जायची वेळ झाली. पाव्हणे उतरू लागले, पांढऱ्या कपड्यांची रांग टेकाडावरून खाली जाऊ लागली. तांड्यातली माणसंही निघाली. भागिरथाच्या आईला उतार झेपणार नव्हता, म्हणून खेमानं बंडी जुंपली. तिला वर बसवलं. तेवढ्यात आतून हाक आली.

"मलेबी घ्या."

"याडी, तुह्याच्यानं होईन काय?" खेमानं विचारलं.

"पाव्हनी माही हाये. एकटी कशी जाईन?"

धनीबाईनं आणि खेमानं दोन्हीकडून धरून तिला बंडीत चढवलं. तिनं नवी कांचळी घातली होती, बांगड्या राखेनं घासल्या होत्या. ती पाव्हणीला खेटून बसली आणि तिच्या पाठीमागून हात घालून बंडीचं दांडकं धरलं, म्हणजे धक्का बसला तरी ती पडणार नाही. खेमाची दोन बोटं वाकडीच सांधली होती, तरी त्या हातात आता कासरा धरता येत होता. त्यानं बैलांना हाक दिली. चाक दगडावरून उतरलं, बंडी हेलकावली.

"हयू हाक रे," रंगूबाई ओरडली. "पाव्हनी बसली हाये."